सर्वेक्षणवाल्यांनो, यावेळी घरात न सापडणाऱ्यांनाही मोजा

प्रति,
राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण करणारी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेतली मंडळी,
आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागातले साहेब लोक,

नमस्कार.

२०१५-१६ ला तुम्ही देशाचं मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलंत, त्यात १२ राज्यं होती. गुजरात होतं, मध्य प्रदेश होतं, छत्तीसगड होतं, पार मणिपूरसुद्धा होतं. महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे आपल्याकडे कुठल्या कार्यक्रमात कुणी "महाराष्ट्रात एवढे टक्के लोकांना" असं म्हणायला लागलं की मी सावध होतो, कारण तो आकडा बहुतेक वेळा देशाचा उचलून आपल्या गळ्यात बांधलेला असतो. आता दुसऱ्या फेरीत सगळी राज्यं घेणार असं ठरलंय, चांगलंच आहे, म्हणून म्हटलं आत्ताच लिहावं, एकदा फॉर्म छापून झाले की मग कोण ऐकतंय.

मी डॉक्टर नाही. माझा मोठा भाऊ स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांवर आहे, मी त्याचा शुभंकर, म्हणजे त्याची काळजी घेणारा घरचा माणूस, आणि शुभंकरांच्या गटात जाता जाता या विषयावरचं जे मिळेल ते वाचायची सवय लागली. डिप्रेशन, दारू, टेन्शन यावर मला काही म्हणायचं नाही, त्यावर बोलणारे भरपूर आहेत. मी फक्त सायकोसिसबद्दल बोलतोय, म्हणजे आवाज ऐकू येणं, कुणीतरी मागावर आहे असं पक्कं वाटणं, वास्तवाशी धागाच तुटणं. तो कुणाला होतो, कुठल्या लोकांमध्ये जास्त होतो आणि का, हे आपल्याला आपल्या राज्यापुरतं ठाऊक नाही आणि दारोदार फॉर्म भरून ते कळणारही नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. आता जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा.

आधी एक जुना समज. जगात कुठेही जा, स्किझोफ्रेनिया शंभरात एकाला, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. तसं काही नाहीये. युरोपातल्या पाच देशांत आणि ब्राझीलमध्ये मिळून १७ ठिकाणी २०१० ते २०१५ या काळात पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्यांची मोजणी झाली, ती २०१८ ला छापून आली. सरासरी निघाली वर्षाला लाखात २१ च्या आसपास. पण स्पेनच्या सँटियागोत ६ आणि पॅरिसच्या एका भागात ४६! जवळपास आठपट फरक. आजार तोच, मोजायची पद्धत तीच, आणि तरी एवढा फरक पडत असेल तर तिथल्या माणसांच्या जगण्यात काहीतरी आहे हे उघड आहे.

आणि हे आजचं नाही. १९३२ साली ओडेगार्ड नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरने अमेरिकेत मिनेसोटाला जाऊन राहिलेल्या नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास केला, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण मायदेशातल्यांच्या साधारण दुप्पट निघालं. त्याला वाटलं मुळात जे असे असतात तेच देश सोडून जातात. सोयीचं उत्तर होतं, बरीच वर्षं चाललं. मग ब्रिटनचं प्रकरण आलं. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कुटुंबांत सायकोसिस फार दिसतोय म्हणून लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टलमध्ये मोठा अभ्यास झाला, २००६ ला आकडे आले, गोऱ्या ब्रिटिशांच्या तुलनेत आफ्रिकन-कॅरिबियन लोकांत स्किझोफ्रेनिया जवळपास नऊपट, आफ्रिकेतून आलेल्यांत जवळपास सहापट. लोक म्हणाले गोरे डॉक्टर काळ्या माणसाला उगाच वेडा ठरवत असतील. तीही शंका घेतली गेली, निदान करणाऱ्यांना पेशंट कुठल्या वंशाचा हे कळू न देता निदान केलं, तरी फरक राहिलाच. बरं रक्तातच असेल म्हणावं तर नव्वदच्या दशकात जमैका, ट्रिनिदाद, बार्बाडोस इथे जाऊन बघितलं तर तिथे एवढं प्रमाण सापडलं नाही.

मला यातली सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. २००१ साली दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातला एक अभ्यास आला होता. त्यात असं दिसलं की ज्या वस्तीत काळे-सावळे लोक कमी, त्या वस्तीतल्या काळ्या-सावळ्यांनाच हा आजार जास्त. आपल्या लोकांत राहणाऱ्याला कमी, एकट्या पडलेल्याला जास्त. हे वाचलं तेव्हा मला दादाच आठवला, त्याचं पुढे सांगतो.

आता तुम्ही म्हणाल मग झालं की, शहरात जास्त, परप्रांतीयात जास्त, नियम कळला, महाराष्ट्राला लावून टाका. तसं करता येत नाही म्हणून तर हे पत्र. जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत मोजणी केली होती त्यात आपलं चंदीगड होतं, शहर आणि आजूबाजूची खेडी वेगवेगळी. सैल व्याख्या लावली तर खेड्यात वर्षाला दहा हजारात ४.२ आणि शहरात ३.५ निघाले, म्हणजे खेडंच वर! तुमच्याच २०१५-१६ च्या सर्वेक्षणात मात्र मोठ्या शहरांत सायकोसिस जास्त दिसला. आणि ४२ गरीब आणि मध्यम देशांची माहिती एकत्र करून २०१८ ला जो पेपर आला त्यात शहर-खेडं असा काही ठाम फरकच नाही. तीन ठिकाणी तीन गोष्टी. म्हणजे लंडनचा चष्मा लावून बीड बघता येणार नाही.

मध्येच एक सांगतो. चंदीगडसारख्या ठिकाणच्या आकड्यांतून अजून एक बाब पुढे आली होती, ती आपल्याकडे फार बोलली जात नाही. झटकन सुरू होणारा आणि पूर्ण बरा होणारा सायकोसिस, तो श्रीमंत देशांपेक्षा आपल्यासारख्या ठिकाणी जवळपास दहापट दिसला आणि बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट. तो का होतो, बाळंतपण, ताप, उपासमार, सासरचा छळ, नेमकं काय, पुढे कुणी नीट खणलंच नाही. महिन्या-दोन महिन्यांत बाई बरी होते, घरचे म्हणतात "बाहेरचं होतं, उतरलं", आणि ती कुठल्याच रजिस्टरवर येत नाही.

आता तुमच्या पद्धतीवर येतो, राग मानू नका.

तुम्ही मोजता ते आज किती लोक आजारी आहेत ते. ते लागतंच, किती गोळ्या, किती डॉक्टर, किती बेड हे त्यावरूनच ठरणार. तुमच्याच आकड्यावरून कळलं की सायकोसिसच्या चारातल्या तिघांना उपचारच मिळत नाहीत, हे कुणीतरी सांगायला हवंच होतं. पण कुठल्या लोकांना जास्त होतो हे आजच्या आकड्यावरून ठरवायला गेलं की घोळ होतो. समजा एका पाड्यावर सायकोसिस झालेले लोक लवकर मरतात, किंवा घर सोडून निघून जातात, आणि दुसरीकडे पुण्याच्या सोसायटीत औषधपाणी करून तीस-तीस वर्षं जगतात. तुम्ही दोन्हीकडे गेलात तर सोसायटीत पेशंट जास्त दिसणार आणि पाडा एकदम ठणठणीत. जिथे माणसं जास्त वाईट अवस्थेत आहेत तिथलाच आकडा चांगला येणार. म्हणून वर्षभरात नवीन किती जण पहिल्यांदा आजारी पडले हे मोजायला पाहिजे.

आणि ते तुमच्या सॅम्पलमधून निघत नाही, साधं गणित आहे. मागच्या वेळी १२ राज्यांत मिळून ३४,८०२ मोठी माणसं होती, म्हणजे राज्याला सरासरी तीन हजारसुद्धा नाहीत. लाखात २० नवीन पेशंट धरले तर तीन हजारात वर्षाला एकसुद्धा पुरा होत नाही. मग त्याची गावनिहाय, जातनिहाय, स्थलांतरितनिहाय फोड कशी करणार?

आता दादाचं. आमचं गाव मराठवाड्यातलं. दादा आयटीआय करून भोसरीला कंपनीत लागला, सहा जणांत एक खोली, शिफ्टप्रमाणे गाद्या वाटून घेतलेल्या, त्यातले चार जण हिंदी बोलणारे, गावाकडचं कोणी नाही. तिथे त्याला वाटायला लागलं की सुपरवायझर आणि खोलीवाले मिळून त्याच्या डब्यात काहीतरी टाकतायत. डबा बंद केला. मग बिस्किटावर राहायला लागला, पण पुडा स्वतः दुकानात जाऊन घेणार, मागून काढून दे म्हणणार, पुढचा नको. एक दिवस कंपनीतून न सांगता निघाला आणि गावी आलाच नाही, आठवडाभराने एका स्टेशनवर सापडला. मग देवऋषी झाला, दर्गा झाला, एका देवस्थानात आई त्याला घेऊन महिनोन् महिने राहिली, आणि त्यानंतर कधीतरी डॉक्टर. आता मला सांगा, या सगळ्या काळात तुमचा माणूस फॉर्म घेऊन आला असता तर दादा त्याला कुठे भेटला असता? गावात त्याचं नाव मतदार यादीत, पण माणूस भोसरीत. भोसरीत माणूस होता, पण त्या खोलीला ना रेशनकार्ड ना घर नंबर, आणि दिवसा दार उघडणारा नाईट शिफ्टवाला अर्धवट झोपेत "कोई नहीं है" म्हणाला असता. नंतर तो देवस्थानच्या आवारात. गावच्या घरी वडील होते, त्यांनी काय सांगितलं असतं ते मला पक्कं माहितीय. "आमच्यात असलं काही नाही." का, तर ताईचं लग्न व्हायचं होतं.

दारात उभं राहून विचारलं की काय होतं ते जनगणनेने दाखवलंयच की. २०११ ला अपंगत्वाच्या रकान्यात मानसिक आजार असा वेगळा पर्याय होता, अख्ख्या देशात नोंद झाली सात लाख बावीस हजारांच्या आसपास. १२१ कोटींचा देश! घरोघर एवढे लपवले गेले, आणि लपवणाऱ्याला मी दोष देणार नाही.

बरं आमचं उदाहरण एका घराचं. बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या बाजूला दिवाळीच्या सुमारास जाऊन बघा, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, गाडीत भांडी, बाजरी, लेकरं, शेरडं भरून कारखान्यावर निघतात ते पार मार्च-एप्रिलपर्यंत परत नाहीत. गावात म्हातारी माणसं आणि कुलपं. तुमची टीम डिसेंबरात तिथे गेली तर तरुण माणूस भेटायचाच नाही आणि हा आजार सुरू होतो तो नेमका तरण्या वयात. तिकडे कारखान्यावर गेलात तर कोप्या आहेत, उसाच्या पाचटाच्या, त्या तुमच्या घरांच्या यादीत नाहीत. म्हणजे हे लाखो लोक दोन्हीकडून सुटले. पालावर राहणारे भटके-विमुक्त, वीटभट्टीवाले, मुंबईत बांधकामाच्या साइटवर झोपणारे बिहार-झारखंडचे पोरं, सगळ्यांची हीच गत. आणि परदेशातले बरेच अभ्यास ओरडून सांगतायत की घर सोडून दुसरीकडे गेलेल्यांत प्रमाण जास्त असतं. ज्यांना धोका जास्त असू शकतो तेच नेमके यादीत नाहीत, याला काय म्हणायचं.

रस्त्यावर फिरणाऱ्यांचं तर वेगळंच. डॉ. भरत वाटवानींना २०१८ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यांची कर्जतची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मानसिक रुग्णांना उचलून, बरं करून, पार दुसऱ्या राज्यात त्यांच्या घरी पोचवते. ते लोक कुठल्या राज्याच्या आकड्यात धरायचे? मुंबईत सापडला म्हणून महाराष्ट्राचा, का घर आझमगढला म्हणून यूपीचा? बहुतेक कुणाच्याच नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत, जेलमध्ये, भिक्षेकरीगृहात असलेले पण घरोघरच्या सर्वेक्षणात येत नाहीत.

प्रश्नावलीबद्दल एक. मागच्या वेळी तुम्ही ती मिनी नावाची ठरावीक प्रश्नांची मुलाखत वापरली होती. कुणी तुमच्यावर नजर ठेवतं का, दुसऱ्यांना न ऐकू येणारे आवाज तुम्हाला ऐकू येतात का, अशा धर्तीचे प्रश्न. आमच्या गावात मंगळवारी-शुक्रवारी अंगात येणाऱ्या दोन-तीन मावश्या आहेत. देवी त्यांच्याशी बोलते, तसं त्या सरळ सांगतील, लाजणार नाहीत. पण शनिवारी त्या खुरपायला जातात, भिशीचा हिशोब चोख, सुनेशी भांडण चोख. त्यांना सायकोसिस नाही. आणि त्याच गल्लीत एखादी सून असेल जी चार महिने कोपऱ्यात बसून आहे, जेवत नाही, पुटपुटते, तिला विचारलं तर ती काहीच बोलणार नाही आणि सासू म्हणेल जरा अशक्तपणा आहे. फॉर्मवर मावशीच्या नावापुढे हो, सुनेच्या नावापुढे नाही. टीममध्ये त्या भागातला, ती बोली बोलणारा माणूस पाहिजे आणि वर हो आलेल्या प्रत्येकाला नंतर सायकियाट्रिस्टने समोर बसून बघायला पाहिजे, त्याशिवाय हा गोंधळ सुटणार नाही.

मग करायचं काय? अशक्य काही मागत नाही, आपल्याच देशात झालेलं आहे. तमिळनाडूत कांचीपुरम, नायजेरियात इबादान आणि ट्रिनिदादचा उत्तर भाग, अशा तीन ठिकाणी एकाच पद्धतीने सायकोसिसचे नवीन, उपचार न झालेले पेशंट शोधले गेले, त्याचे निकाल २०२३ ला आले. त्यांनी दारं वाजवत बसण्यापेक्षा एक ठरावीक इलाका घेतला, आणि दवाखान्यांबरोबरच मांत्रिक, देवळं, चर्च, गावातली माहीतगार माणसं यांच्याशी कायमचा संपर्क ठेवला, की बाबा असा कोणी नवीन दिसला तर कळव. ट्रिनिदादमध्ये बाकी दोन ठिकाणांपेक्षा प्रमाण बरंच जास्त निघालं. बघा, नव्वदच्या दशकात त्याच ट्रिनिदादमध्ये फारसं काही नाही म्हणत होते! काळ बदलला, का आधी शोधलंच कमी, दोन्ही असू शकेल. पण शोधायची पद्धत बदलली की उत्तर किती बदलू शकतं हे तरी दिसलं.

आपण महाराष्ट्रात असे चार इलाके घ्या. एक ऊसतोडीचा तालुका, एक पिंपरी-चिंचवडचा कामगार पट्टा, एक मुंबईचा गोवंडीसारखा वॉर्ड, एक धडगावसारखा आदिवासी तालुका. सगळे मिळून पाच-सहा लाख मोठी माणसं झाली तरी दोन वर्षांत दोनेकशे नवीन पेशंट सापडायला हरकत नाही, त्यावर फोड करून काहीतरी बोलता येईल. आणि गावातली बातमी कुणाकडे असते ते आम्हाला विचारा. आशाताईकडे असतेच, पण तिच्यावर आधीच पन्नास रजिस्टरं आहेत, तिला फुकट राबवू नका, प्रत्येक केसमागे पैसे द्या. पोलीस पाटील, एसटी स्टँडवरचा कँटीनवाला, मेडिकलवाला, दर्ग्याचा मुजावर, देवस्थानचा पुजारी, मुकादम. मुकादमाला तर पक्कं माहीत असतं कोणता कोयता कमी पडतोय आणि का, उचल अंगावर असते ना त्याच्या. साताऱ्यात आणि गोव्यात स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना गावातल्याच प्रशिक्षित लोकांनी घरी जाऊन सांभाळायचा प्रयोग झालाय, २०१४ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, म्हणजे आपल्याकडे हे काम करणारी माणसं नाहीत असंही नाही.

गटवार फोड करताना लागतो तो त्या गटाची एकूण लोकसंख्या किती हा आकडा. स्वातंत्र्यानंतर आत्तापर्यंत जनगणनेत एससी-एसटी सोडून जातीचा आकडाच नव्हता, म्हणून हा प्रश्न टाळायला निमित्त होतं. २०२७ च्या जनगणनेत जात मोजणार म्हणतायत. मग तुमच्या फॉर्मवर जात, मूळ जिल्हा, घर सोडून किती महिने-वर्षं झाली, आसपास आपल्या भाषेचे लोक आहेत का, हे चार रकाने आत्ताच टाका, नंतर जोडता येईल.

पण हे मागताना मला भीतीही वाटते, खोटं कशाला बोलू. गटवार आकडे हातात आले की लोक काय करतात याचा इतिहास वाईट आहे. अमेरिकेच्या १८४० च्या जनगणनेत असं आलं की उत्तरेकडच्या स्वतंत्र काळ्या लोकांत वेडाचं प्रमाण प्रचंड, मेन राज्यात म्हणे चौदात एक, आणि दक्षिणेतल्या गुलामांमध्ये अगदी कमी. कॅल्हूनसारख्या पुढाऱ्याने तेच धरून सांगितलं, बघा गुलामीच यांच्या भल्याची आहे. एडवर्ड जार्विस नावाच्या डॉक्टरने तपासलं तर कितीतरी गावं अशी निघाली की जिथे वेड्या काळ्यांची संख्या तिथल्या एकूण काळ्यांपेक्षा जास्त! वूस्टर गावातले १३३ काळे वेडे म्हणजे खरे तिथल्या सरकारी इस्पितळातले गोरे पेशंट होते, आकडा चुकीच्या रकान्यात पडला होता. चूक दाखवली तरी सरकारने आकडे मागे घेतले नाहीत. उद्या आपल्याकडे एखाद्या जमातीचा किंवा धर्माचा आकडा वर आला तर टीव्हीवाले काय करतील हे वेगळं सांगायला नको, "हे लोक असलेच" म्हणायला वेळ लागत नाही. म्हणून नुसतं कोष्टक फेकू नका. कोणाला किती याच्या शेजारीच तो माणूस कुठे राहत होता, कसलं काम होतं, एकटा होता का, नशा होती का, पहिल्यांदा डॉक्टरकडे आला का पोलिसांनी आणला, हे छापा. ब्रिटनमध्ये काळे पेशंट डॉक्टरऐवजी पोलिसांच्या हातून जास्त येतात हे अशाच माहितीतून कळलं.

शेवटची मागणी, आणि ही आरोग्य विभागाला. जिल्ह्याजिल्ह्यात मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी चालते, तिथे केसपेपरवर फक्त निदान आणि गोळ्या लिहितात. पहिल्यांदा लक्षणं कधी दिसली, त्या वेळी माणूस कुठे राहत होता, आणि इथे येण्याआधी कुठे कुठे फिरून आला, एवढ्या तीन ओळी वाढवा. याला ना जीआर लागतो ना टेंडर. ऑक्टोबरच्या आत सुरू केलंत तर कारखान्याला जाणारे कोयते निघायच्या आधी पुढच्या महिन्यांची औषधं घ्यायला येतात तेव्हाच त्यांची नोंद होईल, नाहीतर मग एप्रिलपर्यंत थांबा.

कळावे,
एक शुभंकर
(पेशंटचा धाकटा भाऊ)